आधी इंजिन बंद कर

दुरुस्त करून आणलेली वस्तू दुसऱ्याच दिवशी बिघडली, तर तुम्ही काय करता? ‘आपल्याच हातून काहीतरी झालं असेल’ म्हणत गप्प बसता ना? तुमच्यासारख्यांच्याच जिवावर मिस्त्रीच्या गॅरेजवर दुसरा मजला चढला.

आमच्या गावातली मावशी त्यातली नव्हे. नवरा गेला तेव्हा ट्रॅक्टरची चावी दिराच्या खिशात जाणार होती. तिने ती कमरेला खोचली आणि दुसऱ्यांची शेतं नांगरायला लागली. चालवणार ती, आणि नांगराचे झिजलेले फाळ बदलणार सून. फाळ बदलायचा म्हणजे नांगर ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि सुनेने त्याच्याखाली बसायचं. ती लिफ्ट ढिली पडली, म्हणून ट्रॅक्टर मिस्त्रीकडे गेला. तो ‘एकदम ओके’ होऊन परत आला आणि दुसऱ्याच दिवशी, सून खाली बसलेली असतानाच, नांगर खाली आला. पाय कसाबसा निसटला. चपलेचे दोन तुकडे झाले.

सकाळ होताच मावशी सुनेला घेऊन तडक निघाली आणि ट्रॅक्टर गॅरेजच्या दारात आडवा लावला.

मिस्त्री फोनवर होता. फोन कानाला तसाच धरून त्याने लिव्हर ओढला. नांगर झोकात वर गेला.

“हे बघा मावशी. आहे का नाही वर?”

“इंजिन चालू आहे तोवर राहणारच. बंद कर.”

हे त्या गॅरेजच्या रीतीत बसत नव्हतं. तिथे सगळं चालू इंजिनावरच दाखवायचे. आवाज घुमतो, धूर निघतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि फाटकाबाहेर पडतं. चालू इंजिन लिफ्टमध्ये तेल ढकलत राहतं आणि आतली गळती झाकून घेतं, हे मिस्त्री चांगलाच जाणून होता.

“अहो, तेल अडवणारं सील नवं टाकलंय. नवी सून घरात रुळायला वेळ लागतोच की!”

गॅरेजात खोळंबलेले बाकीचे ट्रॅक्टरवाले खो-खो हसले. हे सगळे तीच तक्रार घेऊन पुन्हापुन्हा आलेले. पण हसायला सगळ्यात पुढे.

“माझी सून पहिल्याच दिवशी रुळली. काल तुझ्या सीलने तिचा पाय गेला असता. काम पक्कं आहे ना तुझं? मग ठेव पाय नांगराखाली.”

“काहीतरीच काय!”

“बरं, पाय राहू दे. मोबाईल ठेव.”

चार माणसांत माघार कशी घ्यायची? मिस्त्रीने फोन कट केला आणि ऐटीत मोबाईल फाळाच्या टोकाखाली ठेवला. मावशीने इंजिन बंद केलं.

नांगर हलला नाही. मिस्त्रीची मान ताठ झाली. मग नांगर वीतभर खाली सरकला.

“आत हवा असते थोडी. निघून जाईल.”

हवा जाईना, नांगर मात्र उतरत राहिला. तेवढ्यात मोबाईल वाजला.

“घे की,” मावशी म्हणाली. “महत्त्वाचा असेल.”

मिस्त्री गुडघ्यांवर पडला, हात घालून मोबाईल ओढला आणि तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला. मागोमाग फाळ फरशीला टेकला.

“स्क्रीन नवीन आहे हो मावशी!”

“आणि सुनेचा पाय काय जुना होता?”

मग झक मारत लिफ्ट उघडली. आत जुनंच सील, उलटं फिरवून बसवलेलं, वर डिंकासारखं काहीतरी फासलेलं. “कामगारांनी केलं असेल,” मिस्त्री पुटपुटला. त्या गॅरेजात कामगार म्हणजे तो एकटाच.

मावशीच्या डोळ्यांदेखत नवं सील बसलं. इंजिन बंद करून ती नांगराकडे बघत ठाण मांडून बसली. मिस्त्रीची सगळी गाऱ्हाणी संपली, नांगर तसूभरही हलला नाही. तरी कालचा राहिलेला फाळ बदलायला बसण्याआधी सुनेने नांगराखाली लाकडी ठोकळा सरकवलाच.

“मिस्त्रींवर विश्वास आहे,” ती म्हणाली. “ठोकळ्यावर जरा जास्त आहे.”

आता कुणी हसलं नाही. हसणाऱ्यांतलाच एक जण मावशीच्या कानाशी लागला. “माझंही असंच झालंय. तुम्ही जरा बोला ना त्याच्याशी.”

“का? तुझं तोंडही दुरुस्तीला टाकलंयस का?”

तर मंडळी, एवढं करा. उद्या तुमच्याकडच्या गॅरेजात अशी कुणी एकटी भांडताना दिसली, तर कडेला उभं राहून दात काढू नका. पुढे व्हा, आणि तुमच्याही मिस्त्रीला सांगा: आधी इंजिन बंद कर.