वजन टाकून पाहिल्याशिवाय सही नाही

मिस्त्रींचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा. दिवसभर लोकांची न चढता वर जायची सोय करायची आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला स्वतः बोटं रोवून भिंत चढायची, असा हा उफराटा माणूस. वहिनी म्हणायच्या, "ह्यांना सरळ जिना दिसला की पोटात दुखतं."

आमची भिंत बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यात आहे. चाळीस फूट उंच, प्लायवूडची, आणि तिच्यावर स्क्रूने बसवलेल्या रंगीबेरंगी पकडी. काही बटाट्याएवढ्या, काही कानाएवढ्या, काही तर नुसत्या मुरुमाएवढ्या. आठवड्यातून तीन दिवस आम्ही आठ-दहा जण तिथं जमतो. त्यात एक बेकरीवाला आहे, वजन त्र्याण्णव किलो, तेही स्वतः सांगितलेलं. एक दातांची डॉक्टरीण आहे, जी भिंतीवरही "आता थोडं दुखेल" असं स्वतःलाच बजावत चढते. मी छापखान्यात प्रुफं तपासतो.

मिस्त्री इथं आले ते एका फजितीमुळे. सतरा वर्षांपूर्वी स्वतःच दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये, कागदावर सही केल्यावर दहाव्या मिनिटाला, ते तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकले. लिफ्टची तपासणी करताना आत पोती भरून वजन टाकायचं असतं. त्या दिवशी कंटाळा केला होता. मग छताची झडप उघडून, लोखंडी पट्टी धरून, चपला घातलेल्या पायांनी ते चौथ्या मजल्यावर चढून गेले. वर पोचून त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या: वजन टाकून पाहिल्याशिवाय पुन्हा कुठल्याच कागदावर सही करायची नाही, आणि हे चढायचं काम चपला घालून करायचं नाही. पुढच्याच आठवड्यात ते आमच्या भिंतीपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथं बूट भाड्यानं मिळतात का?"

चढण्यात मिस्त्री बेताचेच. त्यांचं खरं नाव झालं ते दोर धरण्यात. आमच्याकडे चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोर बांधलेला असतो. तो वरच्या कडीतून फिरून खाली येतो आणि खाली दुसरा माणूस तो धरून उभा असतो. वरचा निसटला की खालच्याने आवळायचा. चढण्याआधी विचारायचं, "धरलं?" खालच्याने म्हणायचं, "धरलं." हे उत्तर कानावर पडेपर्यंत जमिनीवरून पाय उचलायचा नाही. बाकी सगळे नियम आम्ही कधी ना कधी मोडले आहेत, हा नाही.

सतरा वर्षांत मिस्त्रींनी धरलेला एकही माणूस जमिनीला टेकला नाही. बेकरीवाला तर हक्काने त्यांच्याच दोरावर चढायचा. हा त्र्याण्णव, मिस्त्री पंचावन्न. तो वरून सुटला की मिस्त्री खालून उडायचे आणि अर्ध्या वाटेत दोघांची भेट व्हायची.

"काय रे, कुठं निघालास?"

"खाली. तुम्ही?"

"वर. घरी काही निरोप?"

गेल्या वर्षी मिस्त्रींचा डावा अंगठा आपोआप हलायला लागला. मग हात. मोठ्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तो बरा होत नाही, फक्त सावकाश पुढं सरकत राहतो, हेही सांगितलं. मिस्त्रींनी आम्हाला ही बातमी बुटाची नाडी बांधता बांधता दिली. "हाताला मोटर लागलीय. स्विच कुठं बसवलाय ते सापडत नाही." आम्हीही आपापल्या नाड्या बांधायला लागलो. तेव्हा तेच म्हणाले, "अरे, हसा की. इतका चांगला विनोद घरून तयार करून आणलाय."

हळूहळू दुसरा त्रास सुरू झाला. चालता चालता दारापाशी आले की मिस्त्री थिजायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. स्वतः म्हणायचे, "दाराचा सेन्सर गेलाय." गंमत म्हणजे भिंतीवर हा त्रास मुळीच नव्हता. निळी पकड दिसली की हात निळ्यावर, पिवळी दिसली की पाय पिवळ्यावर. जमिनीवर अडकणारा माणूस भिंतीवर सरसर जायचा.

मग आमची डोकी चालली. चढणाऱ्यांची डोकी चालली की काय होतं ते वहिनींना विचारा. एका रविवारी त्या बहिणीकडे गेल्या असताना आम्ही मिस्त्रींच्या घरात ड्रिल घेऊन शिरलो आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला पकडी ठोकल्या. मिस्त्रींनी त्या धरत धरत जायचं, असा बेत. पण ज्याला भिंतीवर वाट आखायची सवय आहे, त्याला सरळ वाट आखवतच नाही. न्हाणीघराच्या कोपऱ्यावर बेकरीवाल्याने मुद्दाम एक अवघड जागा ठेवली, "नाहीतर रोज जायला मजा काय?" डॉक्टरीण म्हणाली, ही वाट सोपीच आहे, नवशिक्यांची. तो म्हणाला, मुळीच नाही, मधल्या दर्जाची आहे. तासभर दोघं त्यावर भांडले. आपण माणसाला आंघोळीला पाठवतोय हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

वहिनी परत आल्या. पाहतात तर टॉवेलच्या दांडीच्या जागी भोपळ्याएवढी जांभळी पकड, आणि सगळं अंतर बेकरीवाल्याच्या हाताच्या मापाचं. बेसिनपाशी जायचं तर एका पकडीखालून वाकून, दुसरीला वळसा घालून जावं लागे. पहिल्याच दिवशी त्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं.

संध्याकाळी त्या थेट कारखान्यात आल्या. सतरा वर्षांत पहिल्यांदा. "तुमच्यातला शहाणा कोण आहे?"

कुणीच हात वर केला नाही.

"वाटलंच मला. आजारी एकटे हे आहेत. मला कशाला उड्या मारायला लावता? ह्यांना पुढं पाय कुठं टाकायचा ते दिसलं की झालं. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवा आणि मोकळे व्हा!"

चिकटवल्या. प्रत्येक उंबऱ्याशी वीत-वीत अंतरावर पिवळ्या पट्ट्या. आणि काय सांगावं, मिस्त्री पट्ट्या मोजत दारातून असे गेले की बघत राहावं. आम्ही इतके खूश झालो की दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या सगळ्या दारांनाही पट्ट्या मारल्या. मोरीच्या दारालासुद्धा.

तिथंच आमचं पितळ उघडं पडलं.

त्याचं असं झालं. महिनाभर आधी मिस्त्री डॉक्टरीणबाईंना वरून उतरवत होते आणि त्यांचा हात हलला. बाई जुन्या लिफ्टसारख्या धक्के खात खाली आल्या. लागलं काही नाही. बोललंही कुणी नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्यात साथ आली. बाईंचा खांदा दुखायला लागला. बेकरीवाल्याचं पोट बिघडलं. माझा घोटा मुरगळला. "चढ की रे," मिस्त्री दोर हातात घेऊन म्हणायचे, आणि आम्ही कण्हायचो. मिस्त्री मोरीकडे निघाले की मात्र सगळे खडखडीत बरे. जाता-येता दोनदा ते दारापाशी अडकणार, वीस मिनिटांची निश्चिंती, तेवढ्यात आम्ही भराभर चढून घ्यायचो.

त्या बुधवारी मिस्त्री मोरीकडे गेले आणि आम्ही लटकलो. पट्ट्या आपणच कालच चिकटवल्यात हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिसऱ्या मिनिटाला मिस्त्री हात पुसत हजर. वर तीन आजारी, खाली त्यांना धरणारे तीन. बिघडलेलं पोट पस्तीस फुटांवर, मुरगळलेला घोटा तीस फुटांवर, आणि दुखरा खांदा तर छताच्या कडीला एका हाताने लोंबकळत होता.

मिस्त्रींनी एकेकाकडे मान वर करून पाहिलं. "उतरा," ते म्हणाले. "सावकाश उतरा. आजारी माणसं तुम्ही."

आम्ही उतरलो. इतकं सावकाश मी आयुष्यात उतरलो नव्हतो.

"मिस्त्री, तसं नाही..." बेकरीवाल्याने सुरुवात केली.

"तसंच आहे." ते बूट काढत होते. नाडी सुटत नव्हती आणि मदतीला वाकायची कुणाची छाती होत नव्हती. "मला चढता आलं नाही तर मी खाली बसेन, त्याचं काही नाही. चढायला मला कधी धड येतच नव्हतं. मला धरायला येतं. तेवढंच येतं. तेही गेलं असेल तर तोंडावर सांगायचं. मी मोरीत जायची वाट कसली बघता?"

पट्ट्यांवरून पाय टाकत ते दारातून निघून गेले. एकदाही अडखळले नाहीत.

दोन आठवडे मिस्त्री आले नाहीत. आम्ही घरी गेलो तर ते आतल्या खोलीत जुन्या मोटरची गुंडाळी सोडवत बसलेले. बाहेर आले नाहीत. वहिनींनी चहा दिला, सोबत बोलणीही दिली.

"भीती वाटते ना तुम्हाला?"

"वाटते वहिनी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्यातलं खरं बोलायचं धाडस त्यांनीच केलं. "त्यांच्या हातून पडायची वाटतेच. पण जास्त भीती ही, की मला काही झालं तर ते पुन्हा कधी दोराला हात लावणार नाहीत."

वहिनींनी कप खाली ठेवला. "आणि खरंच त्यांना धरता येतं की नाही, हे कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं.

"म्हणजे नुसत्या अंदाजावर लिफ्ट बंद केलीत." त्या आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? वजन न टाकताच नापास केलंय तुम्हाला!"

आतली खुडबुड थांबली. मिस्त्री दारात आले. उंबऱ्यावरच्या पिवळ्या पट्टीकडे क्षणभर पाहिलं आणि पाय टाकला.

"पोती कुणाकडे आहेत?"

बेकरीवाला ताडकन उठला. "माझ्याकडे! मैद्याची. पन्नास-पन्नास किलोची."

"दोन आण. आणि माझ्यामागं दोराचं शेपूट धरायला एक माणूस. लिफ्टला दुसरा ब्रेक असतोच. तो नसेल तर मी तपासणीच करत नाही."

शनिवारी सकाळी दोन पोती एकत्र बांधली. चौघांनी वेगळ्या दोराने ओढून ती वीस फुटांवर नेली. मिस्त्रींनी आपला दोर जरा ढिला ठेवून धरला, त्यांच्यामागं शेपूट धरून डॉक्टरीणबाई. वहिनी खुर्चीवर, मांडीत पर्स घट्ट धरून, लग्नाला आल्यासारख्या.

"धरलं?" बेकरीवाल्याने पोत्यांच्या वतीने विचारलं.

"धरलं."

आम्ही सोडलं. पोती धप्पकन दोन हात खाली आली आणि थांबली. मिस्त्री दीड फूट हवेत. "एक," ते वरूनच म्हणाले.

दुसऱ्यांदाही तसंच. बेकरीवाल्याला हुंदका आला, तो त्याने खोकल्यात घातला.

तिसऱ्यांदा हात हलला. नेमकं सोडायच्या क्षणी मनगट उसळलं आणि दोर सरसरत पाच हात, सात हात, दहा हात सुटला. मागून बाईंनी शेपूट आवळलं. मिस्त्रींचा हातही पुन्हा मिटला. पोती जमिनीपासून गुडघाभर उंचीवर थांबली, पण झोक्याने जाऊन त्या जांभळ्या पकडीवर आपटली. वहिनींनी घरून उपटून परत पाठवलेली, तीच. एक पोतं टराटरा फाटलं. पांढऱ्या धुराळ्यात कुणालाच कुणी दिसेना. धुराळा बसला तेव्हा आम्ही सगळे पिठात घोळलेले, आणि वहिनी पर्समधून रुमाल काढून फक्त स्वतःचा चष्मा पुसत होत्या.

मिस्त्रींनी कागद मागितला. पाठ करून उभ्या असलेल्या बेकरीवाल्याच्या पाठीवर तो ठेवला आणि लिहायला लागले. अक्षरं किड्यामुंग्यांसारखी, वेळ बराच लागला. मग त्यांनी वाचून दाखवलं, लिफ्टच्या कागदाच्या सुरात:

"वस्तू: मी. वय: एकोणसाठ. स्थिती: हलते, पण धरते. एकट्याने वापरू नये. मागे दुसरा ब्रेक सक्तीचा. पुढची तपासणी: तीन महिन्यांनी."

"आणि तीन महिन्यांनी..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"तीन महिन्यांनी पुन्हा पोती. ज्या दिवशी नापास होईन, त्या दिवशी 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी मीच गळ्यात घालीन. तुम्ही नाही घालायची." त्यांनी सही केली. सही पार कागदाबाहेर, बेकरीवाल्याच्या शर्टावर गेली. त्याने तो शर्ट अजून धुतलेला नाही. निदान सांगतो तरी तसं.

"आता दुसरा ब्रेक कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मी आहेच, पण दवाखाना असला की..."

वहिनींनी पर्स खुर्चीवर ठेवली. "कसं धरायचं ते शिकवा मला. ह्यांच्यापेक्षा सतरा किलो जास्त आहे मी. इतकी वर्षं ऐकून घेतलंय, आता कामाला तरी येऊ दे."

त्यानंतर आमच्याकडे कुणाला आजार झाला नाही. मंगळवारी बेकरीवाला पहिला चढला. खाली मिस्त्री, मिस्त्रींच्या मागं वहिनी. वर टोकाला पोचून त्याने उतरायची खूण केली, तर खाली दोघांचं जुंपलेलं.

"अगं, इतकं आवळू नकोस, तो काय पळून चाललाय?"

"तुम्ही पुढचं बघा. मागचं मी बघते."

"सतरा वर्षं मी एकटा धरत होतो."

"आणि बत्तीस वर्षं मी!"

"अहो!" चाळीस फुटांवरून बेकरीवाला ओरडला. "भांडा तुम्ही, खुशाल भांडा! पण आधी सांगा, धरलंय ना?"

"धरलंय!" दोघं एकदम खेकसले.

मग तो निवांत मागं रेलला आणि त्याने दोन्ही हात सोडून दिले.