एका स्वगतासाठी दोनशे मैल

काकांनी नागपूरहून निघण्याआधीच पत्राने बजावलं होतं: नायगारा नको, मला फक्त त्या आयरिश नाटककाराच्या वह्या बघायच्या आहेत. काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सुहासचे काका. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक आणि हौशी रंगभूमीचे दिग्दर्शक. सुहासला रजा नव्हती आणि मला गाडी चालवता येत होती. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या एका ऑक्टोबरात आम्ही दोघं जर्सी सिटीहून निघालो.

त्या वह्या ठेवलेलं मॅसॅच्युसेट्समधलं विद्यापीठ दोनशे मैलांवर. नकाशांचं पुस्तक काकांच्या मांडीवर होतं. कनेक्टिकटमध्ये झाडं लालभडक झाली होती, पण काका मान वर न करता नाटककाराचं चरित्र सांगत होते.

"खेड्यातला माणूस. शाळेच्या वह्यांत लिहायचा. पहिल्या प्रयोगाला लोकांनी हुर्यो उडवली."

"काका, एक्झिट कुठली घ्यायची?"

"ती मघाशीच गेली."

हा नाटककार जन्मभर अमेरिकेला जाणाऱ्यांवर लिहीत राहिला, स्वतः कधी आला नाही. मेल्यावर त्याचे कागद तेवढे आले.

काकांनी त्याच्या एका नाटकाचं मराठी रूपांतर केलं होतं. मुलगा अमेरिकेला निघतो, आई शेवटच्या प्रवेशात एक अक्षर बोलत नाही, पडदा पडतो. काकांनी तिला दोन पानी स्वगत दिलं. प्रयोगाला हमखास रुमाल निघायचे. स्पर्धेच्या परीक्षकांनी मात्र 'मूळ नाटककारावर अन्याय' असा शेरा मारला. तो काकांच्या दहा वर्षं जिव्हारी लागला होता. नाटककारानेही कधीतरी तिला बोलतं केलं असणार, अशी त्यांची खात्री होती, आणि पुरावा त्या वह्यांत होता.

मुक्काम एका सुरती जोडप्याच्या मोटेलमध्ये केला. अठ्ठावीस डॉलर, गरम पाणी भरपूर. सकाळी तिथल्या बेननी न मागता आल्याचा चहा दिला. कुणी त्या वह्या बघायला जाणार असाल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आधी पत्र पाठवा. पेन आत नेऊ देत नाहीत, बोटाएवढी पेन्सिल तेच देतात.

काका अंघोळ करून, गंध लावून ग्रंथालयातल्या टेबलाशी बसले होते. पहिली वही समोर आली. काकांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि कपाळाला टेकवली.

ग्रंथपाल बाई जवळजवळ धावतच आल्या. पुठ्ठ्यावर गंधाचा ठिपका उमटला होता. वही परत गेली. काका रिकाम्या टेबलाकडे बघत बसले. मला त्यांची इतकी दया आली की मी बाईंच्या मागे गेले.

"आमच्यात पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात," मी इंग्रजीत सांगितलं.

"पण त्यांनी पाय लावला नव्हता."

"नाही. हा साधाच नमस्कार."

बाईंनी वरिष्ठांना फोन केला. अर्ध्या तासाने परवानगी मिळाली: काकांनी कपाळ धुवायचं, हात मांडीवर ठेवायचे, पानं बाई उलटणार.

शेवटचं पान आलं. काका खुर्चीतून अर्धे उठले.

"बोलते! मीना, ती बोलून राहिली!"

आई खरंच दीड पान बोलत होती. आणि त्या दीड पानावर आडवी रेघ होती. बाईंनी दुसरी वही उघडली. तिथे पुन्हा स्वगत, नवीन शब्दांत, पुन्हा रेघ. तिसऱ्या वहीत रेघेने कागद फाटला होता. चौथ्या वहीत आई गप्प होती.

काकांनी बाईंचे आभार मानले. परतीच्या वाटेवर त्यांनी सगळ्या एक्झिट बरोबर सांगितल्या. ते मला जास्त काळजीचं वाटलं.

घरी पोचल्यावर त्यांनी बॅगेतून आपलं हस्तलिखित काढलं आणि ग्रंथालयातून चुकून खिशात आलेल्या पेन्सिलीने दोन्ही पानांवर रेघ मारली.

"अहो काका, तेच तर सगळ्यांना आवडायचं!" सुहास म्हणाला.

"तू इकडे आलास त्याच आठवड्यात लिहिलं होतं," काका म्हणाले. "विमानतळावर वहिनी काहीच बोलल्या नव्हत्या. मला ते बघवलं नाही, म्हणून मीच बोललो."

रविवारी सुहासने नागपूरला आईला फोन लावला. कॉल तीन मिनिटांचा होता. आईचं "जेवलास का?" एवढंच मला रिसीव्हरबाहेर ऐकू आलं. उरलेला वेळ दोघंही गप्प होते, आणि त्याने रिसीव्हर कानावरून हलवला नाही.