एका कागदावरची चाकं

मुलीला कला महाविद्यालयात पहिलं व्याख्यान द्यायचं होतं. विषय, क्यूबिस्ट चित्रकारांनी रंगवलेली यंत्रं आणि कारखाने. तालीम झाली आमच्या मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. श्रोते दोघंच, मी आणि हे. ह्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या चाकांची डिझाइनं करण्यात गेलेली.

लॅपटॉपवर एकेक चित्र येत होतं. शंभरेक वर्षांपूर्वीची धुराडी, लोखंडी पूल, पाइपांसारख्या गोल हातांचे कामगार. एका चित्रात नुसती चाकं, एकमेकांत घुसलेली. ह्यांनी चष्मा वर केला.

"हे फिरणार कसं? चाकाला आस कुठाय?"

"बाबा, इसे चलाना थोड़े ही है!" इकडे उत्तरेतच वाढलेल्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण चिडली की हिंदीच येते तोंडात.

"बरं, मग चाक पुढून दिसतंय की बाजूने?"

"दोनों तरफ़ से. एक साथ. वही तो बात है!"

तिने लॅपटॉप मिटला आणि आत निघून गेली. मला ह्यांचाच राग आला.

सकाळी ह्यांनी कपाटावरून जुन्या ड्रॉइंगची गुंडाळी काढली, जमिनीवर पसरली, कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. एकच चाक, पुढून, वरून, बाजूने, शिवाय मधोमध कापलेलं. सगळं एकाच कागदावर.

"आम्हीही असंच काढतो," हे जरा संकोचून म्हणाले. "फक्त शेजारी शेजारी मांडतो. त्यांनी एकात एक घातलंय."

मुलीने खाली फतकल मारली. "अरे यार बाबा, कल क्यों नहीं बोले?"

"काल कुठे कळलं होतं?"

व्याख्यानाची सुरुवात तिने त्या कागदानेच केली. आम्ही शेवटच्या रांगेत होतो. एका विद्यार्थिनीने विचारलं, या चित्रकारांना यंत्रं समजत होती का? मुलगी अडली, तिने थेट ह्यांच्याकडे पाहिलं. हे उभे राहिले, वर्गात उभं केल्यासारखे.

"समझते थे या नहीं, पता नहीं. पर उन्हें अच्छी लगती थीं. मुझे भी पहले अच्छी लगीं, समझ में बाद में आईं."

मुलगी पाणी प्यायला वळली आणि बराच वेळ पाठमोरीच राहिली.

परतताना ह्यांनी ऑटो चारबाग स्टेशनला घ्यायला लावली. प्लॅटफॉर्मवर इंजिन उभं होतं. हे बोट दाखवून सांगत होते, ती व्याख्यानाच्या आमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर भराभर काढत होती. हमाल "हटिए भैया" म्हणत अंगावरून गेले, तरी दोघं जागची हलली नाहीत. मी बाकावर चहा घेऊन बसले. घरी जायची मलाही घाई नव्हती.