खडीचा आवाज

युद्धाच्या काळात मी दर शनिवारी सर्व्हिस मोटारीनं निपाणीहून बेळगावला जायचो. तिच्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. खाकी कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, आणि निघण्याआधी बॉनेट पुसायचं ते स्वतःच्या टॉवेलानं.

पेट्रोल मिळेनासं झालं तसा मालक त्यात रॉकेल मिसळू लागला. तवंदीचा घाट लागला की डब्यात खडे खुळखुळावेत तसं इंजिन वाजायचं. मग इंधन पेटवणारी ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून ड्रायव्हर स्टिअरिंगजवळची दांडी सरकवायचा. आवाज दबायचा, पण इंजिनाचा जोरही जायचा आणि आम्हाला उतरून चालावं लागायचं. तेव्हा तो मान खाली घालायचा. त्याचे कान लाल झालेले दिसायचे.

एकदा उतरताना एका म्हातारीनं विचारलं, "कसला आवाज रं ह्यो?"

"खडी उडतिया, आक्का."

रस्त्यावर तर नुसता फुफाटा होता. म्हातारी तो बघत बघत घाट चढली. घाटमाथ्यावर ड्रायव्हरनं खाली येऊन तिच्यासाठी दार उघडलं. पुढच्या सीटवर मालक बसला होता.

"खडी न्हवती, आक्का," ड्रायव्हर म्हणाला. "पेट्रोलात राकेल हाय. मी खोटं बोललो."

पुढच्या शनिवारी स्टिअरिंगवर दुसराच माणूस होता. घाटात इंजिन वाजलं, तसं कुणी न विचारताच तो म्हणाला, "खडी उडतिया."

मालकानं मागं वळून आमच्याकडं पाहिलं.

"व्हय, लई खडी हाय हितं," कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.