आग्रहबाईंचा वाढता हात

पडदा वर जातो. उजेड पडतो एका लांबट खोलीवर. भिंतीशी उबेचं कपाट, टेबलावर काचेच्या झाकणबश्या आणि स्टुलावर, चष्मा कपाळावर सरकवून बसलेल्या आग्रहबाई. हे नाव सहकाऱ्यांनी ठेवलेलं. डबा उघडला की समोरच्याचं 'पुरे' त्यांना कधी ऐकूच जात नसे.

बश्यांत ताप आणणारे परजीवी वाढत. त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावण्यात बाईंची हयात गेली. जगायला लागणारा एक पदार्थ हे जीव स्वतःच रांधतात. त्यांचा आचारी म्हणजे एक एन्झाइम. माणसाच्या अंगात हा आचारी नाही. म्हणजे त्याचे हात बांधले की परजीवी मरावा, माणसाला धक्का लागू नये. असे हात बांधणारं औषध बाईंनी शोधलं, पण बशीतली मंडळी मजेत होती. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगून टाकलं, "या वेळी जमलं तर ठीक बाई, नाहीतर हे औषध बाद."

त्या संध्याकाळी जेवताना बाईंच्या डोक्यात बश्याच होत्या. हात मात्र वाढतच होता. शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याने ताट मागे ओढलं.

"अगं, डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय ना मला?"

"एवढ्याशाने काय होतंय?"

"तू वरून घालत राहा, आणि गुण आला नाही की डॉक्टरला नावं ठेव."

बाईंचा डाव हवेतच थांबला. बशीतल्या जीवांनी अंग धरावं म्हणून त्या नेमापेक्षा चार थेंब यीस्टचा अर्क जास्तच घालत. आचाऱ्याचा तो पदार्थ त्या अर्कात आयता होता. माणसाच्या रक्तात तो मिळत नाही.

"अहो, मीच पोसतेय त्यांना," त्या पुटपुटल्या.

"मलाही. ती भाजी परत ठेव."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नव्या बश्या मांडल्या. काहींत अर्क आणि औषध, काहींत अर्काविना औषध, काहींत दोन्ही नाही. नुसत्या पथ्यानेच जीव जात नाही ना, हे बघायला. चार थेंबांचा मोह नको म्हणून त्यांनी अर्काची बाटली मग कपाटात बंद करून टाकली.

निकालाच्या सकाळी साहेब सूक्ष्मदर्शकावर बराच वेळ वाकून होते. अर्काविना औषधाच्या बशीत सामसूम. बाकी सगळीकडे वळवळ.

"बाई, औषध राहतंय. अजून पुष्कळ चाचण्या आहेत, पण राहतंय. तोंड का पाडलंय?"

बाईंनी चष्मा पुसला आणि पिशवीतून भलामोठा डबा काढला.

"आनंदच झालाय हो. पण कुणी उपाशी मेलेलं बघून मला एकटीला घास उतरायचा नाही. या, बसा सगळे."