कॅनिंगच्या टेबलावरचा ओव्हरटाइम

ओव्हरटाइमला पहिलं ‘हो’ मीच म्हटलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणाला वाटायचं, काय बाई धीराची! धीराबिराचं काही नव्हतं. मॅनेजरने विचारलं, ‘आठपर्यंत कोण थांबणार?’ आणि माझा हात वर गेला. माझा हात आणि माझं तोंड, दोन्ही माझ्या आधी धावतात. आमच्या घरात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. रत्नागिरी शहर मागे पडलं की वर सड्यावर, कातळाच्या माळावर, एक कॅनिंगचा कारखाना होता. सीझनला तिथे हापूसचा रस काढून डबे भरायचे. आम्ही चाळीस बाया कापणीच्या टेबलावर. लांबच लांब पत्र्याचं टेबल, दोन्ही अंगांना स्टुलं. धुतलेल्या आंब्यांची पाटी टेबलावर पालथी व्हायची. मग देठ काढायचा, डाग कापायचा, साल सोलायची, गर एका घमेल्यात आणि बाठा दुसऱ्यात. मनगटापर्यंत हात पिवळेधमक. चिकाने बोटांच्या बेचक्यांत फोड यायचे, त्यांना खोबरेल लावायचं आणि सकाळी परत हजर. पाठ मोडायची, पण मजाही फार. चार गावच्या सुना एका टेबलावर आणि सासवा सगळ्या घरी! आणखी काय पाहिजे?

माझी धाकटी जाऊ माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची. सकाळी आम्ही दोघी डबे घेऊन सडा चढायचो, चांगली दोन मैलांची वाट. त्या वाटेवर आमचं सगळं बोलून व्हायचं, घरात बोलता न येणारंसुद्धा. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, मुंबईला गिरणीत होता आणि गिरणी बंद पडलेली. मिळेल ते काम करत तो तिथेच तग धरून होता. इकडे ती आणि तिची पाच वर्षांची पोर. कॅनिंगचा सीझन हाच तिचा आधार.

त्या वर्षी पहिला मोहर जळला. एप्रिल निम्मा झाला तरी आंब्याच्या नावाने ठणठणाट. शेठने वीस बाया घरी बसवल्या. ‘आंबा आला की बोलावतो,’ म्हणाला. जी मागून लागली ती आधी बसली, असा हिशोब. जाऊ माझ्यानंतर एका वर्षाने लागली होती, म्हणून ती घरी आणि मी टेबलावर. त्या दिवशी सडा एकटीने उतरताना तोंड मिटून चालायची मला सवयच नव्हती.

आणि मे उजाडला तो ट्रकांवर ट्रक घेऊन. मागचा मोहर असा धरला होता, की पेंढ्यात पिकवायच्या अढ्या घालायला जागा पुरेना, आंबा व्हरांड्यात आला. वीस बायांना तो आवरणं शक्य नव्हतं. आमचा मॅनेजर घाटावरचा. कमरेवर हात ठेवून म्हणाला, ‘बायांनो, आंबा लई आलाय बगा. पाचला सुटायचं ते आठला सुटायचं. जादा वेळेला दीडपट. कोण थांबणार?’

आणि माझा हात, सांगितलं ना!

चार दिवस मी ऐटीत होते. आठला कारखान्याचा टेम्पो घरापर्यंत सोडायचा, जाऊ गरम गरम वाढायची. ती फारशी बोलत नव्हती, पण माझ्याच बोलण्यात मला ते कळलं नाही. पाचव्या दिवशी, बुधवारी, ताट पुढे सरकवून ती म्हणाली, ‘वहिनी, भावाचं पत्र आलंय सावर्ड्याहून. बाजारात दुकान टाकलंय ना त्याने, हाताखाली माणूस पाहिजे. शनिवारी न्यायला येतोय. पोरीला तिकडच्याच शाळेत घालायची.’

‘किती दिवसांसाठी?’

‘आता तिकडेच. इथे काय हाय माझं?’

‘काय हाय म्हणजे? मी आहे ना!’

‘तुम्ही आठपर्यंत कारखान्यात असता,’ ती म्हणाली. टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर मी चार ऐकवल्या असत्या. ती सरळ बोलली. तिच्या हातचं काम मी रोज तीन तास करत होते आणि तिच्याच हातचं गरम जेवत होते. मला स्वतःचा असा संताप आला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत काजूखाली डबे सोडले आणि मी तोंड सोडलं. ‘आपण ओव्हरटाइम करायचा नाय. आपण नाय म्हटलं तर शेठला त्या वीसजणींना बोलवावंच लागेल.’

‘कोण बोलतंय बघा!’ एकीने हसून टाळी दिली. ‘पहिला हात कोणाचा होता गो?’

‘माझा. म्हणून तर बोलतेय.’

मग जी जुंपली! कोणी म्हणाली, शेठ नव्या बाया आणील. दुसरी म्हणाली, आणू दे की, नवी बाई हापूस सोलायला बसली तर आंब्याऐवजी बोटं सोलील. पूर्णगडची एक होती, इथे मिरकरवाड्यात दिलेली, आवाज असा की समुद्रावरून हाक मारावी. तिने डबा खाली आपटला. ‘माझ्या छपरावर कौलं नाहीत. पाऊस तोंडावर आला. दीडपट सोडून दिली तर पावसात तुमची एकी पांघरू काय मी अंगावर? आणि उद्या आपल्यालाच बसवलं तर?’

तिचं चुकत नव्हतं, हेच तर वाईट होतं.

मुकादमीण भाट्याची. आम्ही तिला काकी म्हणायचो. पंचवीस सीझन पाहिलेली बाई, सगळ्यात शेवटी बोलायची. ती म्हणाली, ‘ते सगळं खरं. पण पिकला आंबा नासला तर ते पाप कोणाच्या माथ्यावर?’ शेठशी भांडायला आम्ही तयार होतो, पण आंबा नासू द्यायला एकीचंही मन होईना. शेवटी काकीनेच तोडगा काढला. पाचला घंटा झाली की सुऱ्या खाली ठेवायच्या. पिकलेला आंबा डोळ्यांसमोर बघून शेठचा जीव तळमळेल, तो आठाच्या आत त्या बायांना आणायला टेम्पो पाठवील. पूर्णगडचीने मान वळवली, पण नाही म्हणाली नाही.

आता आमच्या टेबलाचा एक रिवाज होता. एकदा पाटी पालथी झाली की ती संपवायचीच. धुतलेला, ओला आंबा परत पाटीत भरला तर सकाळपर्यंत त्याला पाणी सुटतं. काकीने हे आमच्या अंगात इतकं भिनवलं होतं, की टेबलावर आंबा असताना उठायचं म्हणजे जेवताना भरल्या ताटावरून उठण्यासारखं वाटायचं.

मॅनेजरला कुठून वास लागला देव जाणे. पाचला पाच कमी असताना त्याने गड्यांना खूण केली आणि धाडधाड धाडधाड, तीस पाट्या एकदम टेबलावर पालथ्या! डोंगर झाला आंब्यांचा. घंटा झाली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. काकीने आंब्यांकडे पाहिलं. ‘एवढे संपवू नि उठू,’ ती म्हणाली.

एवढे संपवू! आम्ही खाली माना घालून जे कापत सुटलो, ते संपले तेव्हा घड्याळात आठ वाजून गेले होते. मॅनेजर दारात उभा राहून म्हणतो कसा, ‘आजचं काम लई झ्याक झालं बगा.’ पूर्णगडची टेम्पोत अशी हसत सुटली, की तिला ठसका लागला. मला मात्र त्या मॅनेजरला बाठे फेकून मारावेसे वाटत होते.

घरी आले आणि जावेला सगळं सांगितलं. अगदी पहिला हात माझाच होता, इथपासून. ती म्हणाली, ‘माहित्येय. पहिल्याच दिवशी कळलंय मला.’ मग मी तीस पाट्यांचं सांगितलं आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. पोट धरून हसली. ‘वहिनी, असला संप कोणी केला नसेल! काम बंद करायचं ठरवलं नि तीन तास जास्त केलं!’

मीही हसले. काय करणार?

हसता हसता ती एकदम थांबली. ‘आंबा टाकून उठायचं नाय ना? मग टाकूच नका. तुम्ही उठा, आम्ही बसतो.’

‘म्हणजे?’

‘पाचला आम्ही वीसजणी येतो. तुमच्या स्टुलावर बसतो. आंबाही नासणार नाय, नि तुमचा ओव्हरटाइमही होणार नाय.’

एवढी वर्षं मला वाटायचं, आमच्या दोघींत डोकं माझं चालतं.

शुक्रवारी सकाळपासून ती पोरीला कडेवर घेऊन वाडीवाडी हिंडली. एकोणीस घरं. बाकीच्यांच्या कानावर मी सकाळी गेटबाहेरच घातलं होतं, म्हणून आम्ही त्या दिवशी मुकाट्याने आठपर्यंत बसलो, मॅनेजरला वाटलं बाया वठणीवर आल्या. माझं तोंड दिवसभर मिटलेलं, तर त्याने काकीला विचारलं, ‘ह्या बाईला बरं न्हाई काय?’ पूर्णगडचीला मी दुपारी बाजूला घेऊन, रात्री जावेशी ठरलं होतं तसं सांगितलं, की जाऊ आणि बसवलेल्यांतल्या भाट्याकडच्या चौघीजणी रविवारी झावळ्यांची झापं घेऊन तिच्याकडे येतील आणि पावसापुरतं छप्पर शाकारून देतील. तिने डब्याचं झाकण दाबून लावलं. मग म्हणाली, ‘झापं नीट विणलेली आणायला सांग. मागच्या वर्षीची नकोत.’

शनिवारी सकाळी निघताना पाहिलं, तर पडवीत जावेची ट्रंक दोरीने आवळून ठेवलेली. मी म्हटलं, ‘ही कशाला गो?’ ती म्हणाली, ‘नाय जमलं तर?’ दिवसभर हात आंब्यात आणि डोळ्यांसमोर ती ट्रंक. सुरी दोनदा अंगठ्याला लागली.

पाचला पाच कमी. मॅनेजरने खूण केली. धाडधाड तीस पाट्या पालथ्या. घंटा झाली आणि सगळ्यात आधी उठली कोण, तर पूर्णगडची. सुरी ठेवली, पदर झटकला आणि उभी. मग आम्ही सगळ्या. मॅनेजर म्हणाला, ‘अवो, आंबा हाय की टेबलावर!’

‘हाय ना,’ काकी म्हणाली. ‘कापायला बाया आल्यात.’

दारातून एकीमागे एक वीसजणी आत आल्या, डोक्याला फडकी बांधून, आपापल्या सुऱ्या घेऊन. गेटवरचा म्हातारा पहारेकरी मागून ओरडत होता, ‘मला सांगितलंय, कामावरच्या बायांना गेट उघडायचं. मी उघडलं!’ माझी जाऊ सरळ माझ्याकडे आली. ‘उठा बघू,’ म्हणाली. मी उठले आणि ती माझ्या स्टुलावर बसली. पहिल्या आंब्याची साल तिने अखंड काढली.

मॅनेजर शेठला घेऊन आला. शेठ माणूस वाईट नव्हता, विसरभोळा होता, आणि पैसेवाल्याचं विसरणं गरिबाला महाग पडतं. तो टेबलाच्या कडेकडेने चालला. वीसजणींचे हात भराभर चाललेले, घमेली भरत होती. ‘ह्या कोण?’

‘तुमच्याच बाया,’ काकी म्हणाली. ‘आंबा आला की बोलावतो म्हणाला होतात. आंबा आला. तुमची गडबड चाललीय, म्हणून आम्हीच बोलावल्या.’

‘आणि तुम्ही?’

‘आम्ही उद्या सकाळी येतो. पाचपर्यंत.’

शेठने व्हरांड्यातल्या आंब्यांकडे पाहिलं, तिथून टेबलाकडे. ह्या बायांना उठवायचं, तर एवढा ओला आंबा कापणार कोण, आणि आम्ही तर पदर खोचून दारात. तो मॅनेजरला म्हणाला, ‘दोन पाळ्या लाव. सीझन संपेपर्यंत. आणि नावं लिहून घे ह्यांची.’ मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला बघायला सवड नव्हती. मी चपला हातात घेऊन निघाले होते.

सडा मी जवळजवळ पळतच उतरले. ओट्यावर जावेचा भाऊ येऊन बसला होता, शेजारी पोर, हातात त्याने आणलेली पेपरमिंटची पुडी. ट्रंक त्याने पडवीतून ओट्यावर आणून ठेवलेली. मला पाहून तो उठला. ‘वहिनी, ताई कुठाय? येते एवढंच सांगून गेलीय म्हणे. शेवटची गाडी जाईल.’

‘कामावर गेलीय.’

‘कामावर? अहो, पण तिला तर घरी...’

‘बसवली होती. आता बसवलेली नाय. आठला सुटेल.’ मी इतक्या मोठ्याने बोलले, की आतून सासूबाई बाहेर आल्या.

तो गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा ट्रंकेकडे बघायला लागला. ‘मग मी आता काय करू?’

‘काय करू म्हणजे?’ मी म्हटलं, आणि मेलं मला तेव्हाच रडू फुटलं. ‘ती ट्रंक भारी आहे. आत नेऊन ठेव.’

त्याने ट्रंक उचलली. मी डोळे पुसत पुढे झाले आणि त्याला जावेच्या खोलीचं दार उघडून दिलं.