कणगीला बांधलेली पट्टी

माझे यजमान सुतार होते. मुरबाडजवळच्या आमच्या गावातून ते लांबलांबची कामं घ्यायचे. शहापूरच्या बाजूला कुणा मुंबईकरांचं शेतघर बांधून होत आलं होतं. त्यातली एक भिंत गोल, पोट पुढे काढून उभी राहिल्यासारखी. तिच्या पायाशी सागाची पट्टी लावायची होती. सरळ भिंतीला पट्टी कुणीही ठोकेल. गोल भिंतीसाठी लाकूड आधी भिजवावं लागतं, वाकवावं लागतं आणि वाकलेलंच वाळवावं लागतं.

यांनी ती पट्टी ओढ्यात भिजत घातली आणि एका सकाळी सरळ माझ्या कणगीला गुंडाळली. मळणी नुकतीच झाली होती, बांबूची कणगी भाताने काठोकाठ भरलेली. सुतळीने घेर मोजून म्हणाले, "त्या भिंतीएवढंच पोट हाय हिचं."

"आणि मी भात काढू कुठून?" मी चिडले.

"होळीपर्यंत पोत्यातलं काढ. हिला हात नाय लावायचा."

मी खूप बडबडले. ते हसत राहिले नि दोर आवळत राहिले. त्याच आठवड्यात त्यांना ताप आला. शहापूरच्या दवाखान्यात नेलं, पण माणूस काही परत आला नाही.

तेराव्याला गाव जेवायचा होता. पोत्यातलं भात पुरेना, म्हणून कणगी उघडली. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला काही कळलं नसतं. भात गिरणीवर गेलं, कणगीचं पोट आत गेलं, दोर सैल पडला. भावोजींनी ते पाहिलं. ते वाशिंदला कारखान्यात होते, पण रंधा धरायला भावाकडेच शिकलेले. "दादाचं काम सुटायला नको," असं म्हणून त्यांनी रडत रडत दोर पुन्हा घट्ट आवळला.

मला एवढंच हवं होतं की ती पट्टी त्या भिंतीला लागावी. यांच्या हातचं शेवटचं काम तेच होतं. होळी झाल्यावर भावोजी आणि मी ती टेम्पोतून घेऊन गेलो. भावोजींनी ती भिंतीला लावली. दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये माझी मूठ जाईल एवढी फट राहिली. जरा फाकवायला गेले तर लाकूड करकरलं.

भावोजी तिथेच खाली बसले. "वहिनी, मीच आवळला ना दोर."

"सुटू नये म्हणूनच आवळलात ना? उठा," मी म्हटलं. मलाही खूप रडू येत होतं.

त्यांनी नंतर दुसरी पट्टी करून दिली. ती कशी दिसते ते पाहायला मी गेले नाही. पहिली घरी आणली आणि कणगीला लावून पाहिली. दोराशिवाय अलगद बसली, कुठे फट म्हणून नाही. तिने आकार धरला होता तो तेराव्यानंतरच्या कणगीचा. मी तिची टोकं दोराने कणगीभोवतीच बांधून टाकली.

पुढच्या हिवाळ्यात नवं भात आलं. भावोजी कणगीत पाट्या ओतत होते. पोट भरत आलं, दोर ताणला, पट्टी करकरली.

"बास," मी म्हटलं. "उरलेलं पोत्यात भरा."